बोटभर गाळ

उमरबोडीच्या नकाशावर लाल रंग चढला तेव्हा डॉ. प्रांजली कापगते चहात टोस्ट बुडवत होती. टोस्ट मऊ होऊन कपात पडला, आणि तिनं तो पडू दिला.

नागपूरच्या भूयोग्यता केंद्रात असा लाल रंग काही नवा नव्हता. कुठं खाणीचा प्रस्ताव आला की केंद्राची यंत्रं तिथल्या शेतांत सुया टोचायची आणि तिथल्या जमिनीला शंभरपैकी एक अंक द्यायची. साठच्या वर अंक आला, तर जमीन पिकासाठी राखीव. खाली सोनं निघालं तरी तिला फावडं लावायचं नाही. चाळीसच्या खाली आला, तर नकाशावर लाल, म्हणजे खाणीला मोकळी. मधल्यांसाठी सुनावणी. पूर्वी अशा जागांवरून वर्षानुवर्षं मोर्चे निघायचे, खटले चालायचे, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं व्हायचं. आता मातीच स्वतःची साक्ष देत होती. ही साक्ष बिनचूक असावी म्हणून प्रांजलीनं उमेदीची सगळी वर्षं त्या सुईत घातली होती, आणि तिला त्याचा अभिमान होता. तो ती लपवतही नसे.

उमरबोडीला मिळाले होते एकोणीस. आणि उमरबोडी तिचं माहेर होतं.

माहेरच्या गावाचा निवाडा तिनं करावा का, हा प्रश्न प्रस्ताव आला तेव्हाच उठला होता. पण नियमात मालकीचा उल्लेख होता, माहेराचा नव्हता. त्या जमिनीत ज्याचा हिस्सा, त्यानं सुईच्या जवळ फिरकायचं नाही, एवढंच नियम सांगत होता, आणि तोही तिनंच लिहिलेला. वडिलांच्या पश्चात अर्धा हिस्सा तिच्या नावावर होता. थोरला भाऊ होमराज दर भाऊबीजेला हक्कसोडपत्राचा विषय आडून आडून काढायचा, आणि ती करंजी उचलून विषय बदलायची. खाणीचा प्रस्ताव येताच मात्र ती स्वतः निबंधकाच्या कार्यालयात गेली आणि एका दमात सही करून आली. आपल्या गावाची माती परक्या माणसानं वाचावी, हे तिला सहन होणारं नव्हतं. होमराजला आनंद झाला, भूमेश्वरी वैनीनं साडी दिली, आणि प्रांजलीचा त्या मातीशी कागदोपत्री काही संबंध उरला नाही. म्हणूनच ती तिचा निवाडा करायला पात्र ठरली होती.

फोन वाजला. होमराजच होता.

“प्रांजू, आकडा आला म्हनतात.”

“आला.”

“किती?”

“गावात फलक लागेल तेव्हा कळेल, दादा. त्याआधी मी कोणालाच सांगत नसते.”

“मी काय कोनीही आहो का?”

“मी येते आहे,” ती म्हणाली, आणि कपातला लगदा तसाच टाकून उठली.

*

गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे प्रांजलीला विचार करायला भरपूर वेळ होता. एकोणीस हा अंक तिला पटत नव्हता. उमरबोडीच्या बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या बांधबंदिस्त शेतांमधला, तांदूळ खाऊन ती वाढली होती. एकोणीस अंकाच्या जमिनीत तसा तांदूळ होत नाही.

पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत मातीला जुनी, नेमकी नावं आहेत. काळी, जड, पाणी धरून ठेवणारी ती कन्हार. चुनखडीचे खडे मिसळलेली मोरंड. पिवळसर, धानाला मानवणारी सिहार. आणि खड्यांची, उथळ, ढोरं चारण्यापलीकडे फारशी उपयोगाची नाही ती बरडी. केंद्राची सुई हीच नावं वेगळ्या रीतीनं शोधायची. उलथन्याच्या दांड्याएवढी जाड सुई. उडती यंत्रं धानाची रोवणी करावी तशा ओळीनं अशा सुया शेतात खोवत जायची. माणसाच्या कंबरेइतक्या खोलीपर्यंत जाताना सुई मातीवर प्रकाश टाकून लोह, चुना, चिकण किती ते ओळखायची, ओल मोजायची, आणि सूक्ष्म जिवांनी मागं ठेवलेले जनुकांचे तुकडे वाचायची. एखाद्या शेतात दहा वर्षांपूर्वी काय पेरलं होतं, हेही तिला कळायचं.

पण सुईची खरी करामत होती ती कूळ-जुळणीत. माती आकाशातून पडत नाही. खालचा खडक हजारो वर्षं झिजतो आणि त्याची माती होते, म्हणून वरच्या मातीत खालच्या खडकाची ओळख उरतेच. ती ओळख पटली नाही, आणि दोन थरांमधली सीमा सुरीनं कापल्यासारखी स्पष्ट असली, तर वरची माती बाहेरून आणून टाकलेली. भराव. ही चाचणी प्रांजलीनं बसवली ती एका गावच्या हुशार मंडळींमुळे. त्यांनी मुरमाड माळावर ट्रकांनी काळी माती पसरून पंच्याहत्तर अंक पटकावले होते. चाचणी आली आणि ती लबाडी कायमची बंद झाली. भराव सापडला की सुई तिथंच थांबायची आणि जमीन नापीक धरली जायची. बांधकामाच्या ढिगाऱ्याच्या पोटात काय शोधायचं, असा प्रांजलीचा रोखठोक हिशेब होता.

आणि उमरबोडीच्या शेतांवर सुईनं लिहिलं होतं, भराव.

गाव आलं आणि तिला कारण दिसलं. तलावाच्या पाळीपासून खाली पसरलेल्या बांध्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, करडा-काळा गाळ थापलेला होता. जाड, सपाट आणि अगदी ताजा. होमराज धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता. मागच्या वर्षी त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली होती, तरी छाती काढून उभा होता.

“पाह्य,” तो म्हणाला. “साऱ्या गावानं मिळून तलाव उपसला. ट्रॅक्टर लावले. तुह्या सुया यायच्या आंधी सारं तयार करून ठेवलं. पोरगी पाहायले पाहुने येनार म्हनल्यावर आपन घर पोतारतो का नाई?”

प्रांजली धुऱ्यावर बसली. आधी तिला हसू आलं, मग राग आला. परीक्षेला बसायचं म्हणून मुलाला नवा सदरा घालावा आणि मास्तरानं त्याला परका समजून दारातूनच परत पाठवावं, तसं झालं होतं. लबाडी करायची म्हणून नव्हे, तर पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून गावानं आपली जमीन झाकून टाकली होती.

“दादा, सुईनं याले भराव म्हटलं. एकोणीस आले.” फलकाची वाट पाहण्यात आता अर्थ नव्हता, ग्रामपंचायतीसमोर तो लागत होता.

“भराव? अव, हा गाळ आहे. आपल्या तलावाचा. बाबा टाकत, आजा टाके.”

“सुईला दोन्ही सारखंच.”

“मंग तुही सुई आंधळी आहे.”

“आंधळी नाही. भराव लागला की डोळे मिट, असं मीच तिला शिकवलं आहे.”

होमराज आवाज खाली आणून म्हणाला, “आकडा बदलून टाक ना. तुह्याच हातात तं आहे.”

“माझ्या हातात आहे, म्हणूनच बदलत नाही.”

“हक्कसोड लिहून देल्ली तवाच मी समजलो,” तो म्हणाला. “तुले आता माती नको.”

हे बोलणं तिला फार लागलं. पण धुऱ्यावर बसून भांडण्यापेक्षा करण्यासारखं काहीतरी तिच्याजवळ होतं, आणि ते तिनं लगेच केलं. केंद्राला फोन लावून तिनं फेरवाचनाचा आदेश दिला. या वेळी सुई भरावापाशी थांबणार नव्हती.

*

फेरवाचनाला खाणीच्या कंपनीचा माणूस हजर असावा लागे. तेजधातू कंपनीचे भूशास्त्रज्ञ सलील दामले दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सरळ माणूस; बूट काढून बांधीत उतरले. त्यांना या जमिनीखालचं व्हॅनॅडियम हवं होतं. सूर्य मावळल्यावर अर्धा विदर्भ ज्या प्रचंड बॅटऱ्यांवर चालतो, त्या बॅटऱ्यांना लागतं ते.

“मॅडम, तुम्हाला पटवायची गरज नाही,” ते म्हणाले. “तुम्हीच आमच्या दोन खाणींना हिरवा कंदील दिला आहे.”

“आणि त्या दोन्ही जागी बरडीच होती.”

“इथंही खडकाचा नकाशा बरडीच सांगतो. भरावाखाली दुसरं काय निघणार?”

“वाचून बघूया,” प्रांजली म्हणाली.

सुया खाली गेल्या. ताजा गाळ संपला, नांगराचा थर आला, त्याच्याखाली घट्ट झालेला थर आला. बरडी काही येईना. दोघांच्या पडद्यांवर एकच चित्र उमटत होतं. गुडघाभर खोलीपर्यंत मऊ, बारीक कणांची माती, आणि सगळीकडं तलावातल्या शेवाळाच्या खुणा. त्याच्याखाली कुठं एकदाचे खडे लागले.

“जाडच भराव आहे की,” दामले म्हणाले.

“वय बघू.”

हे वाचन खर्चिक होतं, म्हणून रोजच्या कामात ते वापरत नसत. वाळूचा कण अंधारात पुरला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या किरणांचा मंद मारा तो आपल्या आत साठवत राहतो. ऊन लागलं की तो साठा पुसला जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. म्हणून कणात किती साठलं आहे हे मोजलं, की त्यानं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. ट्रकांनी एकदम टाकलेल्या भरावात सगळे कण एकाच वयाचे निघतात.

इथं तसं नव्हतं. नांगराच्या थराखालचे कण नव्वद-शंभर वर्षांचे. वितभर खाली दोनशे वर्षांचे. अगदी तळाशी, खड्यांना टेकून बसलेले, तीनशे वर्षांच्या आसपासचे. मध्ये कुठं उडी नव्हती, कुठं खंड नव्हता. दर उन्हाळ्यात कोणीतरी तलाव आटल्यावर गाळ काढला होता, टोपल्यांनी वाहून आणला होता, उन्हात पातळ पसरला होता आणि नांगरून मातीत मिसळला होता. पुढच्या वर्षी पुन्हा. बरडीवर, जिथं गवतही धड येत नाही तिथं, माणसांनी आपल्या हातांनी सिहारेच्या तोडीची जमीन उभी केली होती.

इतकी वर्षं प्रांजलीनं मातीचं कूळ शोधलं ते फक्त खडकात. तलावात आणि टोपल्यांत शोधावं, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

“परदेशात अशा मातीला वेगळा वर्ग आहे,” दामले हळूच म्हणाले.

“आहे. आपल्या यादीत नाही. आता येईल.”

ती खुशीत होती, आणि खुशीतच तिनं पडद्यावर नांगराच्या थरापाशी बोट ठेवलं. तिथं मात्र मातीच्या कसाची रेघ खाली वाकली होती. शेवाळाच्या खुणा विरत गेलेल्या, जिवांची गर्दी ओसरलेली, युरियाचा मारा स्पष्ट दिसत होता. तिनं दुसरी सुई पाहिली, तिसरी पाहिली. सगळीकडं तेच. ताज्या गाळाच्या आधी, वीसेक वर्षं तरी, इथं तलावाचा एक कणही पडलेला नव्हता.

दामल्यांच्या पडद्यावरही तीच रेघ होती. त्यांनी ती पाहिली, चष्मा पुसला, आणि बूट घातले.

*

दुपारी वैनीनं भात वाढला, लाखोरीची भाजी वाढली. प्रांजलीनं पहिला घास घेण्याआधीच विचारलं.

“वैनी, गाळ टाकनं कधी बंद झालं?”

भूमेश्वरी वैनी खोटं बोलण्यातली नव्हती. डाव पातेल्यात ठेवून ती म्हणाली, “सासूबाई गेल्या, त्या साली शेवटचा. मंग पोट्टे शिकायले गेले, ट्रॅक्टर आला, युरिया आला. बैलबंड्या मोडल्या. कोन काढन गाळ, ताई? वरतून पीकही येतच होतं.”

होमराज दारात उभा होता. खाणीविरुद्धच्या प्रत्येक सभेत त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की आम्ही दरसाल गाळ टाकतो, एक साल चुकलं नाही.

“हे सुनावनीत सांगायची गरज नाई,” तो म्हणाला.

“कंपनीलाही दिसलं आहे, दादा.”

“दिसू दे. सांगायचं तं ते सांगतीन. तू कायले सांगतेस? तुह्या तोंडून आपल्या भावाले खोटं पाडतेस?”

“मी तीनशे वर्षांचं सांगणार आहे. ती खरी वाटायला नकोत का? ही वीस वर्षं लपवली, तर ती तीनशे कोण खरी मानेल?”

होमराज पानावर बसला, पण जेवला नाही. वैनीनं ताटावर ताट झाकून ठेवलं.

*

सुनावणी ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये झाली. सुनावणी अधिकारी शकुंतला मडावी कमी बोलणाऱ्या आणि पुरतं ऐकणाऱ्या होत्या. अख्खं गाव जमलं होतं. होमराज दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता आणि बहिणीकडं बघत नव्हता.

प्रांजलीनं अहवाल वाचला नाही, सांगितला. या मातीला तिनं ‘घडीव’ असं नाव दिलं होतं. ती खडकातून आलेली नाही, लोकांनी घडवली आहे. तीनशे वर्षं घडवली, आणि मग वीस वर्षं सोडून दिली. या वर्षीचा जाड थर ही परीक्षेची तयारी होती. त्यात फसवणूक नव्हती, पण त्याला शेतीही म्हणता येणार नाही. या सगळ्याचा मिळून अंक होतो चोपन्न. एकोणीस हा अंक चुकीचा होता, आणि चूक सुईला दिलेल्या आदेशात होती.

शेडमध्ये कुजबुज वाढली. चोपन्न म्हणजे वाचलो की गेलो, हे कोणालाच उमगेना.

दामले उठले. “एक प्रश्न. गाळ टाकला नाही, तर या मातीचं काय होतं?”

“ओसरते. पीक आणि पावसाचं पाणी दर वर्षी थोडी थोडी घेऊन जातात. असंच राहिलं तर तीस-चाळीस वर्षांत पुन्हा बरडी उघडी पडेल.”

“मग ही जमीन म्हणायची की काम?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. प्रांजलीनंही प्रश्न टाळला नाही.

“काम आहे,” ती म्हणाली. “चालू राहिलं, तर इथं तुमच्या बॅटऱ्यांपेक्षा जास्त काळ टिकणारी जमीन आहे. थांबलं, तर खाण करा. मी हरकत घेणार नाही.”

मागून कोणीतरी बोललं, “आपल्याच लेकीनं बुडवलं.” होमराजनं मान आणखी खाली घातली. प्रांजलीनं ऐकलं, आणि जागेवरच उभी राहिली.

मडावी मॅडमनी चष्मा कागदावर ठेवला. “मधल्या अंकाला मी अट घालू शकते. दर उन्हाळ्यात गाळ पडला पाहिजे, आणि सुई तो वाचेल. सलग दोन वर्षं चुकली, तर जमीन खाणीला. प्रत्येक गटासाठी एक नाव द्या. मजूर लावा, ट्रॅक्टर लावा, पण मालकाच्या घरचं एक माणूस स्वतः बांधीत उतरलं पाहिजे. नाहीतर गाळ कागदावरच पडतो, हे मला ठाऊक आहे. तलावापासून सुरुवात करू. पहिले दोन गट कोणाचे?”

दोन्ही होमराज कापगत्याचे होते. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की तलावातून खाली येणारी वाट त्याच्याच बांध्यांतून जाते. ते दोन गट गेले, की वाट तुटली, नहर तुटला, आणि पुढच्यांनी हात वर करण्यात काही अर्थ उरला नाही. दामल्यांच्या नकाशावर व्हॅनॅडियमचा सगळ्यात जाड पट्टाही तिथंच होता.

होमराज उठला. पाठीमुळे त्याला सावकाशच उठावं लागलं.

“एका गटाले मी आहो आन घरची आहे,” तो म्हणाला. “दोनी होनार नाई. पोट्टे हैदराबादले आहेत, ते काही येत नाई. आता खोटं बोलत नाई, मॅडम. वीस साल आमी गाळ टाकला नाई. बहिन सांगते ते खरं आहे.”

“मग दुसरा गट?”

“तो माहा नाईच.” त्यानं पहिल्यांदा प्रांजलीकडं पाहिलं. “तो हिचा आहे. भाऊबीजेले भाऊ देत असते. मी घेतलं. आता वापस देतो. घ्यायचं का नाई, ते हिनं सांगावं.”

मडावी मॅडम प्रांजलीकडं वळल्या. “जमीन घेतलीत, तर सुई दर वर्षी तुमचीच माती वाचणार, म्हणून आजपासून केंद्र सोडावं लागेल. नियम तुमचाच आहे.”

प्रांजलीला वाटलं होतं, असा प्रसंग कधी आलाच तर आपण रात्र रात्र विचार करू. तसं काही झालं नाही. सुई तिच्याशिवाय चालणार होती. तिथं हाताखाली तयार झालेली आठ-दहा चांगली माणसं होती. बांधी तिच्याशिवाय चालणार नव्हती, कारण तिथं दुसरं कोणी नव्हतं. इतकं सरळ उत्तर तिला तिच्या शास्त्रातही फारसं कधी मिळालं नव्हतं.

“आधी एक सही करते,” ती म्हणाली. “मग घेते.”

भराव सापडला तरी सुईनं थांबायचं नाही, तळापर्यंत वाचायचं, आणि हे प्रत्येक गावासाठी, असा आदेश तिनं तिथंच टेबलावर लिहिला आणि सही केली. आजवर असे किती भराव न वाचताच लाल झाले असतील, हा विचार तिच्या मनात आला. म्हणून खाली आणखी एक ओळ घातली: जुनी सगळी वाचनं पुन्हा करावीत. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून मडावी मॅडमच्या पुढं ठेवलं.

“कंपनीची हरकत?” मडावींनी विचारलं.

“अहवालाला नाही. आकडे आमच्याकडेही तेच आहेत,” दामले म्हणाले. मग ते हसले. “आम्ही दोन वर्षं वाट बघू. घाई नाही.”

“बघा वाट,” प्रांजली म्हणाली.

त्यानंतर हात वर व्हायला लागले. सगळे नाही, पण पुरेसे.

*

पुढच्या उन्हाळ्यात तलाव कडेनं आटला आणि चिखलाला भेगा पडल्या. ट्रॅक्टरनं गाळ धुऱ्यापर्यंत यायचा, तिथून टोपल्यांनी आत. सुरुवातीचे दिवस प्रांजलीच्या खांद्यांनी फार तक्रार केली. मग तेही रुळले.

त्या सकाळी केंद्राची माणसं सुया घेऊन येणार होती. त्यांच्याबरोबर दामलेही. नियमाप्रमाणे मालकानं सुईपासून लांब, बांधीच्या बाहेर उभं राहायचं, आणि आकडा फलकावर लागेपर्यंत विचारायचा नाही. आपण हा नियम लिहिला तेव्हा बाहेर उभं राहणाऱ्याला कसं वाटतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं प्रांजलीनं वैनीला हसत हसत सांगितलं.

होमराज धुऱ्यावर टोपली भरून द्यायचा. त्याच्या पाठीला तेवढंच झेपायचं. ती टोपली नेऊन रिकामी करायची आणि तळहातानं गाळ पसरायची, सगळ्या कणांना ऊन लागेल इतका पातळ. तो बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

“जरा जाड टाक ना व. सुया येऊन राहिल्या. त्या दामल्याले दिसलं पाहिजे.”

“दिसते बोटभरही.”

“एवढूसाच?”

“एवढूसाच,” प्रांजली खाली वाकून गाळावरून हात फिरवत म्हणाली. “पुढच्या सालाच्या गाळाले जागा नको का, दादा?”

होमराजनं पुढची टोपली भरली, आणि ती जड होऊ नये म्हणून त्यातला एक फावडंभर गाळ परत ढिगावर टाकला.